कयाक हद्दपार करून लाट सुरक्षित होणार नाही

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
किनारा व्यवस्थापन समिती

विषय : मुख्य लाटेवर वल्ह्याच्या सर्व साधनांना घातलेली बंदी

महोदय, महोदया,

जीवरक्षकांच्या मनोऱ्याखाली आपण लावलेली नोटीस वाचली. एक वाक्य मनाईचं, एक दंडाचं. 'टकरींच्या वाढत्या तक्रारी' पाहता पुढच्या हंगामापासून लाटा फुटण्याच्या पट्ट्यात वल्ह्याने चालणारं कोणतंही साधन (म्हणजे कयाक, ती अरुंद होडीही) नेता येणार नाही, असा तिचा अर्थ. तक्रारी किती, कुणाच्या, कुणाविरुद्ध, यातलं काहीही तिथे नाही.

याबद्दल समितीला आधी खासगी पत्र पाठवलं होतं. त्याची पोच आली, उत्तर आलं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. सर्फरांनी वाचावं, कयाकवाल्यांनी वाचावं, कयाक भाड्याने देणाऱ्यांनी तर जरूर वाचावं.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. मी या लाटेवर पूर्वी सर्फबोर्ड, म्हणजे उभं राहून लाटेवरून घसरत जायची फळी, घेऊन जायचे. मग गुडघ्यातली गादी फाटली, शस्त्रक्रिया झाली आणि पालथं असताना एका झटक्यात पायांवर येणं कायमचं बंद झालं. बोर्डवरचं पुढचं सगळं त्या एका झटक्यावर अवलंबून असतं. मी कयाकमध्ये बसायला शिकले, उलटल्यावर वल्ह्याने सुलट व्हायला शिकले, आणि लाट सुटली नाही. त्यामुळे सर्फर कयाकवाल्यांबद्दल काय बोलतात आणि कयाकवाले सर्फरांबद्दल काय बोलतात, हे दोन्ही माझ्या कानांवर सारखंच पडलेलं आहे.

सर्फरांची बाजू आधी मांडते, कारण ती बरीचशी खरी आहे.

छोटा सर्फबोर्ड तीन-चार किलोंचा असतो. भाड्याने मिळणारी प्लॅस्टिकची उघडी कयाक, जिच्या वरच बसायचं असतं, ती वीस ते तीस किलोंची. माणूस बसला की शंभरच्या आसपास. बंद कयाक, जिच्या आत बसायचं असतं, ती उलटली, माणूस बाहेर पडला आणि आत पाणी शिरलं तर हिशेब आणखी बिघडतो. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो, आणि ते कयाकच्या स्वतःच्या वजनाच्या वर. वेगाचं म्हणाल, तर लाट तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोल पाण्यात आली की फुटते. दीड मीटरची लाट दोन मीटर पाण्यात फुटेल, आणि तिथे तिचा वेग सेकंदाला साडेचार मीटरच्या जवळपास असेल. दहा मीटरवर असलेल्या माणसाच्या हातात सव्वादोन सेकंद उरतात. पालथं पडून हातांनी पाणी मारणाऱ्याला तेवढ्यात कयाकच्या वाटेतून बाजूला होता येत नाही.

वजन आणि वेग यांहून मोठी अडचण वेगळीच आहे, आणि किनाऱ्यावरून बघणाऱ्याला ती कळत नाही. कयाक लाटेवर आडवी होते. उतारावर नाक रुतलं किंवा शेपूट घसरलं की ती लाटेला समांतर होते, आणि मग फेस तिला तशीच ढकलत किनाऱ्याकडे नेतो. आत बसलेला माणूस लाटेकडे झुकून वल्ह्यावर भार देतो. त्यामुळे तो उलटत नाही, पण त्याला वळता येत नाही आणि थांबताही येत नाही. बिजागरीतून निखळलेलं दार पुरात वाहत यावं तशी ती येते. तीन मीटरची कयाक असेल तर तीन मीटर रुंद पट्टा झाडत येते. समुद्रात लांब पल्ल्याला जाणारी कयाक पाच मीटरची असते. तिने लाटांत काय होत असेल याचा विचार आपणच करा. समोरचा सर्फर लाटेखाली बुडी मारून जाऊ शकतो, पण त्याला ती येताना वेळेत दिसायला हवी. पाण्यालगत डोळे असलेल्या माणसाला दोन लाटांमधल्या खळग्यातून काही दिसत नाही.

दुसरी तक्रार लाटा लुटण्याची आहे, आणि तीही खरी आहे. कयाकवाला बसलेला असतो, त्याला लांबून येणारी लाटांची रांग आधी दिसते. हातात वल्हं असल्याने लाट अजून उभीही राहिलेली नसते तेव्हाच तो तिच्या वेगाला येतो. ती संपवून परत समुद्रात आतही बोर्डवाल्यांच्या आधी पोचतो. बेताचा कयाकवालासुद्धा चांगल्या सर्फरांच्या घोळक्यातून रांगेतली प्रत्येक मोठी लाट उचलू शकतो, आणि काही जण उचलतात. हा हावरटपणा आहे. कौशल्य म्हणून तो खपवून घेऊ नये. शिवाय त्याचा सुरक्षिततेशी थेट संबंध आहे. ज्याला बराच वेळ लाट मिळालेली नसते तो शेवटी कुणाच्या तरी पुढ्यात लाट घेतो, आणि तिथे टक्कर होते.

इतकं सगळं मान्य असूनही आपला निर्णय मला मान्य नाही. का, ते सांगते.

आपण सगळ्या साधनांची एकच मोट बांधली आहे. 'वल्ह्याने चालणारं' म्हणजे काय? भाड्याची उघडी कयाक, पाच मीटरची समुद्री कयाक, नदीच्या खळाळासाठी केलेली आखूड कयाक, खाली फिन (माशाच्या परासारखं पातं) असलेली खास लाटांसाठीची कयाक आणि वेव्हस्की, ही सगळी नोटिशीत एक झाली आहेत. वेव्हस्की म्हणजे बसायची जागा, कमरेचा पट्टा आणि पायांचे पट्टे असलेला जाड सर्फबोर्ड. ती बोर्डसारखीच वळते, आणि चालवणारा पट्ट्याने बांधलेला असल्याने मोकळी सुटून कुणाच्या अंगावर जात नाही. उभ्याने वल्हवायचा पॅडलबोर्ड नोटिशीत बसतो की नाही? त्यालाही वल्हं आहे. जीवरक्षकांना विचारलं तर त्यांनाही सांगता आलं नाही. (यात आपल्याला एकट्यालाच बोल लावत नाही. उभ्याने वल्हवणं हा खेळ सर्फिंगवाल्यांचा की कयाकवाल्यांचा, यावर दोन आंतरराष्ट्रीय संघटना क्रीडा लवादापर्यंत गेल्या होत्या. २०२० साली ऑलिंपिकपुरता तो सर्फिंगच्या संघटनेकडे गेला.) या मोटेतून बाहेर राहिलं कोण, तेही बघा. लीश (बोर्ड पायाला बांधून ठेवणारी दोरी) न बांधता तीन मीटरचा लांब बोर्ड घेऊन पहिल्यांदा पाण्यात उतरलेला माणूस आपल्या नोटिशीप्रमाणे पूर्ण कायदेशीर आहे. कयाकमध्ये अनेक वर्षं मुरलेली बाई बेकायदेशीर.

या बंदीने कोण मारलं जातं, याचा विचार झालेला दिसत नाही, आणि मला सर्वांत जास्त राग याचा आहे. ज्यांचे पाय काम करत नाहीत, ज्यांच्या मणक्याला इजा झाली आहे, अशी अनेक माणसं लाटेवर जातात ती बसून, हातात वल्हं घेऊन. आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेने २०१५ साली कॅलिफोर्नियात ला होया इथे दिव्यांग सर्फरांची पहिली जागतिक स्पर्धा भरवली. त्या स्पर्धांमध्ये बसून लाट घेणाऱ्यांचा गट आहे आणि त्यातले खेळाडू वेव्हस्की वापरतात. सर्फिंगची जागतिक संघटना ज्यांना सर्फर म्हणते त्यांना आपल्या किनाऱ्यावर दंड होणार. माझा गुडघा ही त्यांच्यापुढे किरकोळ बाब आहे. पण माझ्यासारखी, म्हणजे वय, पाठ, गुडघा यांमुळे बोर्डवरून उतरलेली आणि पाणी न सोडलेली माणसंही कमी नाहीत.

आता झेंड्यांचं बघू. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा पोहणाऱ्यांची, काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या झेंड्यांमधली जागा बोर्ड, कयाक अशा साधनांची. किनाऱ्यावरच्या झेंड्यांसाठी आयएसओ २०७१२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि आपला किनारा ते पाळतो, ही चांगली गोष्ट आहे. पण काळ्या-पांढऱ्या झेंड्यांतून कयाक काढली तर ती जाणार कुठे? पोहणाऱ्यांमध्ये तिला जागा नाही, आणि नसावीच. उरतं ते टोक, खडकांजवळचं, जिथे जीवरक्षकांची नजर पोचत नाही आणि रिप सगळ्यात जोराचा असतो. किनाऱ्यावर चढलेलं पाणी अरुंद वाटेने परत समुद्रात जातं तो हा प्रवाह. जोरात असला तर तो सेकंदाला दोन मीटरच्याही पुढे जातो. मुरलेला माणूस त्याचा उपयोग करून आत जातो. भाड्याने कयाक घेतलेलं जोडपं तिथे उलटलं तर त्यांना बघायलाही कुणी नसेल. आपल्या वहीत टकरी कमी होतील, हे खरं. बुडणं त्या वहीत लिहिलं जातं का?

बंदीमुळे भांडणं मिटतील असं कुणी समितीला सांगितलं असेल तर त्याने लाटेवरची माणसं बघितलेली नाहीत. १९६६ चा सर्फिंगमधला विश्वविजेता नॅट यंग याला २००० साली ऑस्ट्रेलियात अँगॉरी इथे लाटेवरच्या वादातून एका सर्फरने इतकं मारलं की चेहऱ्याची हाडं मोडली. तिथे कयाकचा प्रश्नच नव्हता. दोघेही बोर्डवाले होते. गर्दी, अनोळखी माणसं आणि न सांगितलेले नियम यांतून जे होतं ते बोर्डवाल्यांमध्येही होतं.

निर्णय कसा झाला, याबद्दल थोडंच. कयाकवाल्यांना बोलावलं नाही. जीवरक्षकांचं मत लेखी घेतलं नाही, असं त्यांच्याकडूनच कळलं. आणि आधीच्या हंगामात आपणच कबूल केलेला नियमांचा फलक अजून लागलेला नाही. तो लागला असता आणि तरीही टकरी झाल्या असत्या, तर या बंदीवर बोलताना माझा आवाज नक्कीच खाली असता.

फलकाला मी इतकं महत्त्व का देते आहे? कारण लाट कुणाची, हे समुद्राच्या कायद्यात नाही. नौकांची टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यातला पाचवा नियम प्रत्येक नौकेने सतत नजर ठेवावी असं सांगतो, आणि तो आम्हीही पाळायला हवा. पण फुटणाऱ्या लाटेवर कुणाचा हक्क आधी, हे त्यात सापडणार नाही. तिथे रिवाज चालतो. लाट जिथे फुटते आहे त्या जागेला जो सर्वांत जवळ, त्याची लाट. इतरांनी त्याच्या पुढ्यात उतरायचं नाही. सर्फरांना हे माहीत असतं, कारण कुणीतरी कधीतरी ओरडून शिकवलेलं असतं. कयाक भाड्याने घेणाऱ्याला लाइफ जॅकेट मिळतं, वल्हं मिळतं, 'मजा करा' म्हणून निरोप मिळतो, आणि तो थेट लाट उठते त्या जागी जाऊन बसतो. त्याला रिवाज सांगायला कुणी वाटेत भेटतच नाही.

आणि हा रिवाज कयाकला जसाच्या तसा लावता येत नाही, हेही बोलायला हवं. कयाकवाला लांबून लाट घेऊन येतो तेव्हा तो म्हणतो, मी आधीच लाटेवर होतो. सर्फर म्हणतो, लाट माझ्यापाशी फुटली. अक्षरशः बघितलं तर दोघेही बरोबर आहेत. माझं मत स्पष्ट आहे: इथे कयाकवाल्याने सोडायचं. ज्याच्या हातात वल्हं आहे, ज्याला आधी दिसतं, ज्याचं साधन जड आहे, त्याने जास्त जबाबदारी घ्यायची. लांबून निघाल्याने हक्क मिळत नाही. या मतामुळे कयाकवाल्यांमध्ये माझे मित्र थोडे कमी झालेत.

त्या मित्रांशीच आता थोडं बोलते, समितीने ऐकावं.

आत जाताना बाजूच्या खोल वाटेने जा. लाट उठते त्या घोळक्यातून वाट काढू नका. एक लाट घेतलीत की बाजूला थांबा, रांगेतल्या पुढच्या लाटा बोर्डवाल्यांना जाऊ द्या. त्यांनी सोडलेल्या लाटांतही तुमचं पोट भरतं, कारण तुम्हाला मऊ, उशिरा फुटणारी लाटही चालते आणि त्यांना ती चालत नाही. समोरच्या उतारावर किंवा त्याखालच्या फेसात एकही डोकं दिसत असेल तर लाट घेऊ नका. घेतल्यावर दिसलं आणि कयाक आडवी झाली, तर उलटा. मुद्दाम उलटा, लाटेच्या बाजूला. डोकं वाचवायला अंग पुढे दुमडून घ्या. पाण्याखाली गेलेलं तुमचं शरीर ब्रेकचं काम करतं आणि कयाकचा जोर एकदम मोडतो. लोकांना हे विचित्र वाटतं, कारण सगळं शिक्षण उलटू नये म्हणून झालेलं असतं. पण अंगावर जाण्यापेक्षा पाण्याखाली जाणं हाच त्या क्षणी शहाणपणा, आणि ज्याला उलटल्यावर सुलट होता येत नाही त्याने गर्दीच्या लाटेवर येऊच नये. हेल्मेट घाला. बंद कयाकमध्ये हवेच्या पिशव्या भरा, म्हणजे पाण्याला आत जागाच राहणार नाही. कयाकमधून बाहेर पडलात तर तिच्या समुद्राकडच्या बाजूला राहा, किनारा आणि भरलेली कयाक यांच्या मध्ये कधीही नको.

लीशचा प्रश्न बोर्डवाले नेहमी विचारतात: आम्ही बांधतो, तुम्ही का नाही? बंद कयाकला माणूस दोरीने बांधला तर दोरीत अडकण्याचा आणि पाण्याने भरलेल्या कयाकमागे ओढलं जाण्याचा धोका असतो, म्हणून. त्यावरचा उपाय म्हणजे सुलट होता येणं आणि आतून बाहेरच न पडणं. पण लीशची स्वतःची गोष्टही समितीने लक्षात घ्यावी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पॅट ओ'नील या सर्फरने आणलेली लीश शस्त्रक्रियेत वापरायच्या रबरी नळीची होती. ती ताणली जायची आणि बोर्ड उलटा अंगावर फेकायची. तशाच फटक्यात त्याचे वडील जॅक ओ'नील यांचा डावा डोळा गेला. पुढे नळी गेली, युरेथेनची दोरी आली, आणि आज लीश न बांधणाऱ्याकडे लोक रागाने बघतात. साधन धोकादायक निघालं तेव्हा त्यात सुधारणा झाली आणि वापरायची रीत बसली.

बोर्डवाल्यांना चारच गोष्टी सांगते. कयाकवाल्याला धडा शिकवायला त्याच्या पुढ्यात उतरू नका. बोर्ड शेवटच्या क्षणी लाटेमागे काढता येतो, लांब कयाकला ते जमत नाही. धडा तुम्हालाच मिळेल. आत येताना कुणी लाटेवर दिसलं तर त्याच्या मागच्या फेसाकडे सरका, त्याच्या समोरचा मोकळा उतार पार करायला जाऊ नका. लाट अंगावर आली म्हणून बोर्ड सोडून देऊ नका. सहा फुटी बोर्ड आणि सहा फुटी लीश मिळून बारा फुटांपर्यंत पोचतात, आणि लीश ताणली तर त्याहून लांब. आणि बोला. 'डावीकडे', 'उजवीकडे' एवढं जरी मोठ्याने म्हटलं तरी अर्ध्या टकरी टळतील, असं मला वाटतं. शिव्या देताना आवाज फुटतोच ना.

समितीकडे माझ्या मागण्या अशा आहेत.

बंदी लागू होण्याआधी थांबवा, आणि सर्फर, कयाकवाले, दिव्यांग सर्फर, भाड्याने साधनं देणारे व जीवरक्षक यांना एकत्र बसवून उघड सुनावणी घ्या. सुनावणीला वेळ लागणार असेल तर दिव्यांगांना आणि वैद्यकीय कारणाने बसून लाट घेणाऱ्यांना आजपासून सूट द्या. त्यासाठी बैठकीची वाट बघायचं काहीच कारण नाही.

साधनांच्या नावाऐवजी लांबी, ताबा आणि गर्दी बघून नियम करा. मुख्य लाटेवर लांब समुद्री कयाक नको, यावर माझा वाद नाही. नवशिक्यांना, मग ते कयाकवर असोत की बोर्डवर, काळ्या-पांढऱ्या झेंड्यांमध्येच एका बाजूला वेगळी जागा आखून द्या. मुख्य लाटेवर यायचं असेल तर बंद कयाकवाल्याने जीवरक्षकांसमोर एकदा उलटून सुलट होऊन दाखवावं. हेल्मेट आणि हवेच्या पिशव्या सक्तीच्या करा, आणि बोर्डवाल्यांना लीशही. गर्दी फार झाली तर कयाकवाल्यांना बाजूच्या लाटेवर पाठवायचा अधिकार जीवरक्षकांना द्या. आम्ही तो मान्य करू. मात्र बेदरकार माणसाला पाण्याबाहेर काढण्याचा अधिकारही त्यांना हवा, मग त्याच्या हातात वल्हं असो वा नसो.

कबूल केलेला फलक लावा. चित्रांसह, पाण्यात उतरायच्या वाटेवर. मनोऱ्यामागे नको, तिथे फक्त कावळे वाचतात.

भाड्याने कयाक देणाऱ्यांना परवाना देताना अट घाला: पाण्यात उतरण्याआधी पाच मिनिटांची माहिती, आणि पहिल्यांदा येणाऱ्याला मुख्य लाटेवर न पाठवण्याची जबाबदारी त्यांची. आज ही जबाबदारी कुणाचीच नाही.

आणि नोंद ठेवा. प्रत्येक टक्कर, कोणतं साधन कोणाला लागलं, लाट किती होती, गर्दी किती होती, लीश होती का, साधन भाड्याचं होतं का. दर महिन्याला ती नोंद मनोऱ्यावर लावा. या नोंदीतून कयाकच सगळ्याला कारणीभूत आहे असं दिसलं, तर आपण पुन्हा बंदीबद्दल बोलू, आणि तेव्हा मी बैठकीला पहिल्या रांगेत बसून ऐकेन. आज आपल्याकडे आकडा नाही आणि माझ्याकडेही नाही. आपण मात्र त्याच्याशिवाय दंड ठरवून मोकळे झालात.

नवशिक्यांच्या जागेवर सुरुवातीला कयाकवाल्यांपैकी कुणीतरी रोज थांबेल, लोकांना बाजूच्या वाटेने आत जायला आणि वेळ आली तर उलटायला शिकवेल, याची तयारी आम्ही काही जणांनी केली आहे. समितीचा त्यात खर्च नाही. जीवरक्षकांसोबत एक सराव घ्यायचीही आमची इच्छा आहे, कारण पाण्याने भरलेली कयाक लाटांतून ओढून कशी काढायची हे त्यांनाही हवं आहे. त्यांनी तसं सांगितलं आहे.

सुनावणीची तारीख मनोऱ्यावर लावावी, ओहोटीच्या वेळी ठेवावी आणि सुट्टीच्या दिवशी ठेवावी. भरतीच्या चांगल्या लाटा सोडून दोन्हीकडचे लोक येणार नाहीत, हे समितीलाही माहीत असेल.

कळावे,

आपली,
याच लाटेवरची एक कयाकवाली